ओहोळाची हजेरी

पगारेबाईंना 'निसर्ग' हा शब्द आवडत नसे. मुलांनी तो निबंधात लिहिला, की त्या त्याखाली लाल रेघ मारून शेजारी लिहीत, 'पत्ता?' मुलं गोंधळायची. मग बाई म्हणत, "तू लिहिलंयस की तुला निसर्ग फार आवडतो. मलाही भेटायचंय त्याला. कुठं राहतो ते लिही." दुसऱ्या खेपेला मुलगा लिहून आणी, 'शाळेमागच्या ओहोळात, मोठ्या दगडाखाली, खेकडा.' तेव्हा कुठं बाईंचं समाधान होई. 'सुंदर', 'रम्य' आणि 'मनोहर' या शब्दांवरही त्यांचा राग होता. मी मराठी शिकवत असल्यामुळे हे तिन्ही शब्द माझ्याच वर्गातून त्यांच्याकडे जात, आणि मधल्या सुट्टीत त्या माझ्याकडे अशा पाहत, जणू मी मुलांना तंबाखू पुरवतो.

ही सत्तरच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. आमची शाळा सातपूरच्या कारखान्यांच्या अगदी कडेला होती. समोर डांबरी रस्ता आणि पाळीच्या बस, मागे कोथिंबिरीचे आणि झेंडूचे मळे, आणि दोहोंच्या मधून एक ओहोळ. त्याला नाव नव्हतं. म्हणजे मळेवाल्यांनी दिलेलं एक होतं, पण ते शाळेत उच्चारण्यासारखं नव्हतं. तास बदलायची घंटा आम्हाला फारशी लागत नसे. कारखान्यांचे भोंगे पुरत.

बाई बुटक्या होत्या. चष्म्याच्या काचा जाड, सुती पातळ गुडघ्याखाली कायम थोडं ओलं, आणि पायात पुरुषी रबरी बूट. खांद्याला एक कापडी पिशवी असे आणि पिशवीत कपची उडालेला इनॅमलचा मग. बाहेरून निळा, आतून पांढरा. ओहोळाचं पाणी त्या मगात घेत आणि मुलांना दाखवत. "काचेच्या पेल्यात पाणी नटून बसतं," त्या म्हणत. "पांढऱ्यात बघावं."

सहावीच्या वर्गाला त्या सामान्य विज्ञान शिकवत. जूनमध्ये प्रत्येक मुलाला ओहोळातला किंवा काठावरचा एक रहिवासी वाटून देत. त्या वर्षापुरता तो मुलगा म्हणजे तो रहिवासी. कुणी खंड्या, कुणी बेडूक, कुणी चतुर, कुणी गोगलगाय, कुणी पाणसाप, कुणी काठावरचं उंबराचं झाड. शनिवारी सकाळची शाळा सुटली की सगळा वर्ग त्या उंबराखाली जाई आणि हजेरी होई. सगळे उभे राहत. बाई पुकारत, "खंड्या?" खंड्या झालेल्या मुलानं आठवड्यात खंड्या स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला असेल तरच तो म्हणे, "हजर," आणि पुढे एक बातमी देई. "हजर. सकाळपासून तीन वेळा सूर मारला, एकदाच मासा मिळाला." पाहिला नसेल तर काही बोलायचं नाही, गुपचूप खाली बसायचं. 'गैरहजर' असा शब्दच नव्हता. गप्प बसणं हेच उत्तर.

यादीत शेवटचं नाव पाण्याचं. ते कुठल्या मुलाला मिळत नसे, ते बाईंनी स्वतःकडे ठेवलं होतं. "पाणी?" असं त्याच पुकारत, हातातला मग ओहोळात बुडवत, आत निरखून पाहत, एक घोट घेत आणि म्हणत, "हजर." मग सगळे घरी जात.

पाणी तुम्हीच का, असं मी एकदा विचारलं. त्या बौद्ध वस्तीत वाढलेल्या. हसत म्हणाल्या, "माझ्या आजीला पाणवठ्यावर उभं राहू देत नव्हते, सर. म्हटलं, आपण पाणीच होऊन बघावं." आणि शेंगदाण्याची पुडी माझ्यापुढे केली. 

शिक्षकांनाही त्यांनी मनातल्या मनात नावं दिली होती. मी बगळा आहे हे मला पी.टी.च्या सरांकडून कळलं. बाईंनी लपवलं नाही. "पांढरे कपडे, काठावर उभा, काय चाललंय ते सगळं दिसतं," त्या म्हणाल्या. "वाईट वाटून घेऊ नका. बगळा लागतोच." पी.टी.चे सर कोण, हे त्यांनी मला सांगितलं, पण ते इथे लिहिण्यात अर्थ नाही.

एका वर्षी तपासणीला साहेब आले. सहावीत जाऊन त्यांनी एका चुणचुणीत मुलाला उभं केलं. "बेडकाचे उपयोग सांग." नेमका तो मुलगा त्या वर्षीचा बेडूक होता. त्यानं थोडा विचार केला आणि मनापासून विचारलं, "कुणाला, साहेब?" साहेबांनी शेरा लिहिला, 'विद्यार्थ्यांची तयारी अपुरी.' आमचे मुख्याध्यापक कुलथे सर त्यावर आठवडाभर अस्वस्थ होते. बाई मात्र खूश. त्या मुलाला त्यांनी दोन शेंगदाणे जास्त दिले.

कुलथे सर वाईट गृहस्थ नव्हते. त्यांना फक्त समारंभ आवडत. रांगोळी, फीत, शाल, श्रीफळ आणि माइकवर 'हॅलो, हॅलो' करणारा माणूस, एवढं जमलं की त्यांना शिक्षण झाल्यासारखं वाटे.

पुढच्या एका वर्षी हजेरीत आधी मासे गप्प झाले. मासा झालेली मुलं दोन-तीन शनिवार नुसतीच खाली बसली, आणि कुणाला त्यात विशेष वाटलं नाही. मग चतुर बसला. मग गोगलगाय. ओहोळाला रंग येऊ लागला होता. सकाळी हिरवट, दुपारच्या भोंग्यानंतर पिवळा. मुलांना आधी मजा वाटली. कुणीतरी त्यात कागद बुडवून आकाशकंदिलासाठी रंगवून नेला. वरच्या अंगाला धातूवर मुलामा चढवणारा, प्लेटिंगचा एक नवा कारखाना सुरू झाला होता, आणि त्याच्या मागच्या भिंतीतून एक पाइप ओहोळात उतरला होता. मळेवाल्यांनी त्या पाण्यावर भाजी घेणं सोडलं आणि फक्त झेंडू ठेवला. "फुलं कुणी खात नाय," त्यांच्यातला एकजण मला म्हणाला. त्यांच्या म्हशी काठापर्यंत येत, पाण्याकडे बघत आणि परत फिरत.

त्या वर्षी एका मुलाच्या वाट्याला दगड आला होता. दगड होणं म्हणजे शिक्षाच, असं सगळ्यांना वाटे, कारण दगड कधी गैरहजर नसतो आणि त्याच्याकडे बातमीही नसते. जून-जुलैत तो बिचारा दर शनिवारी म्हणे, "हजर. काही नाही." दिवाळीनंतर तो म्हणाला, "हजर. शेवाळ गेलं." पुढच्या शनिवारी, "हजर. पिवळा झालोय." त्यानंतर दगडाचं नाव आलं की सगळा वर्ग मान वळवून त्याच्याकडे बघू लागला.

आणि बाई घोट घेईनाशा झाल्या. पाण्यात तो मग बुडवत, पांढऱ्या तळाकडे पूर्वीपेक्षा जास्त वेळ बघत राहत आणि मग म्हणत, "हजर." पण ते पाणी त्या पीत नसत. मुलांच्या ते लक्षात आलं होतं. 

खेकडा होती सुनंदा. सडपातळ, हट्टी मुलगी, दोन घट्ट वेण्या. तिचा खेकडा बरेच शनिवार दिसला नव्हता आणि ती बरेच शनिवार खाली बसली होती. गप्प बसण्यात लाज नाही, असं बाई नेहमी सांगत. पण अकरा वर्षांच्या मुलांना सगळ्यांच्यात खाली बसणं म्हणजे काय वाटतं, हे बाईंच्या ध्यानात आलं नव्हतं. बाकीचे आपापल्या परीनं दूर दूर जाऊन शोधू लागले होते. सुनंदा सगळ्यांच्या पुढे गेली. एका शुक्रवारी शाळा सुटल्यावर ती एकटीच ओहोळातून वर चालत गेली, कारखान्याच्या भिंतीपर्यंत.

शनिवारी बाईंनी पुकारलं, "खेकडा?"

"हजर," सुनंदा म्हणाली. कितीतरी दिवसांनी हा शब्द उंबराखाली इतक्या मोठ्यानं ऐकू आला. मी त्या दिवशी सहज काठावर उभा होतो. तिनं दप्तरातून डबा काढून उघडला. आत एक खेकडा होता, पांढरट पडलेला, बोट लावलं तर दबेल असा. "पाइपाजवळ होता, बाई. हलत नाही, पण आहे."

बाईंनी डब्यात पाहिलं नाही. त्या तिच्या पायांकडे बघत होत्या. घोट्यापर्यंत कातडी लाल होऊन सोलवटली होती. त्या जागच्या जागी खाली बसल्या, तिचे पाय मांडीवर घेतले, आणि मला म्हणाल्या, "सर, रिक्षा बघा." त्या दिवशी पाण्याचं नाव पुकारलं गेलं नाही.

सोमवारी तिचे वडील आले. खाकी कपड्यांतच, पाळीवरून थेट. ते त्याच कारखान्यात कामाला होते. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हात जोडून उभे राहिले.

"बाई, मी टाक्या धुतो तिथं. आमच्या पायात गमबूट असत्यात. पोरीला काय म्हाईत."

"माझं चुकलं," बाई म्हणाल्या.

"तुमचं काय नाय. फक्त तिला पाण्यातलं काही बनवू नका. झाड बनवा. झाडाला कुठं जावं लागत नाय."

"तुम्ही सांगितलं का कुणाला तिथं? साहेबांना?"

"साहेबांना म्हाईत हाय, बाई." त्यांनी दाराकडे पाहिलं. "माझं नाव कुठं येऊ देऊ नका. लय दिवसांनी परमनंट झालोय."

बाईंनी त्यांचं नाव कुठं येऊ दिलं नाही. मुलांना पाण्यात पाऊल टाकायची बंदी केली. मग स्वतः कारखान्याच्या फाटकावर गेल्या. वॉचमननं स्टूल दिलं, पाणी विचारलं, साहेब मीटिंगमध्ये आहेत म्हणून सांगितलं. दुसऱ्या खेपेलाही साहेब मीटिंगमध्येच होते. तिसऱ्या खेपेला स्टूलही नव्हतं. काय म्हणाले, असं मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "पाणी गार होतं. नळाचं होतं."

त्याच सुमारास कुलथे सरांनी शिक्षकांच्या खोलीत येऊन आनंदाची बातमी सांगितली. शाळेला प्रयोगशाळा मिळणार. टेबलं, काचेची कपाटं, सूक्ष्मदर्शक, सगळं. देणगीदार कोण, हे त्यांनी शेवटी सांगितलं, आणि सांगताना बाईंकडे बघायचं टाळलं. उद्घाटनाला कारखान्याचे डायरेक्टर स्वतः येणार होते. सूत्रसंचालन माझ्याकडे, म्हणून कार्यक्रम ठरवताना मी हजर होतो.

"बाई, तुमचा तो हजेरीचा कार्यक्रम होऊन जाऊ दे," सर म्हणाले. "पाहुण्यांना विज्ञानाची आवड आहे."

"तो कार्यक्रम नाही, सर. हजेरी आहे."

"तेच ते. फक्त सगळे हजर असू देत. शुभ प्रसंगी गैरहजेरी बरी दिसत नाही."

"जे नाहीत त्यांना हजर कसं करू?"

"अहो बाई, नाटकातला राजा खरा असतो का?"

"तो खरा नाही हे बघणाऱ्याला माहीत असतं," बाई म्हणाल्या. "इथं ज्यांना माहीत नाही त्यांच्यापुढं करायचंय."

सरांनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी ते स्वतः सहावीच्या वर्गावर गेले, दार लावून मुलांची तालीम घेतली आणि कार्यक्रमानंतर पेढे मिळतील असं सांगितलं. मुलांचे बाप कुठं कामाला आहेत याचीही त्यांनी प्रेमानं चौकशी केली. तेवढी पुरेशी होती.

समारंभ रीतसर झाला. मंडप, सतरंज्या, पाहुण्यांसाठी सोफा. तो शेजारच्या मंगल कार्यालयातून आणला होता आणि त्याच्या पाठीवर 'शुभविवाह' असं भरतकाम होतं. डायरेक्टरसाहेब विज्ञानाचं महत्त्व या विषयावर बोलले. निसर्ग हाच खरा गुरू, असं त्यांनी तीन वेळा सांगितलं. मी बाईंकडे पाहिलं. त्यांच्या ओठांवर 'पत्ता?' येऊन गेल्यासारखं मला वाटलं. मागच्या बाजूला पालक उभे होते, बरेचसे खाकीत. सुनंदा पहिल्या रांगेत खुर्चीवर, पायांना पट्ट्या. तिची जागा दुसऱ्या मुलीला दिली होती.

सहावीचा वर्ग रंगमंचावर आला. गळ्यात पुठ्ठ्यावर रंगवलेली चित्रं होती. ही सरांची कल्पना. बाई त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. पिशवी खांद्याला, हातात मग. त्यांनी पुकारलं, "मासा?"

"हजर. आम्ही आनंदानं पोहतो."

"चतुर?"

"हजर. आम्ही आनंदानं उडतो."

"बेडूक?" "हजर." "गोगलगाय?" "हजर." "खेकडा?" "हजर." प्रत्येक उत्तरानंतर सोफ्यावरून टाळी येत होती. बाईंचा आवाज जराही बदलला नाही. मुलांकडे त्या रागानं बघत नव्हत्या. मला तेच जास्त अवघड वाटत होतं. दगडानं सरांनी पाठ करून दिलेलं वाक्य विसरून नुसतं "हजर" म्हटलं.

"पाणी?" बाईंनी पुकारलं.

हे नाव तालमीत घेतलं गेलं नव्हतं. सरांना ते माहीतच नसावं. बाईंनी मगात पाहिलं. सकाळी भरून आणला असणार. त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या. मंडपाच्या कापडाचा फडफडाट ऐकू येत होता. मग काही न बोलता त्या रंगमंचावर, पाहुण्यांसमोर, फळ्यांवर खाली बसल्या.

आधी मासा बसला. मग चतुर. मग बेडूक, गोगलगाय, पाणसाप, नवी खेकडा, एकामागून एक, कुणी कुणाकडे न बघता. उंबर थोडा घुटमळला आणि तोही बसला. एकटा दगड उभा राहिला. तो खरंच हजर होता.

पाहुण्यांना वाटलं, कार्यक्रम संपला. त्यांनी उठून टाळ्या वाजवल्या. मागे उभ्या असलेल्या खाकीतल्या माणसांपैकी एकाचाही हात हलला नाही. मग माइकवाल्यानं सनईची तबकडी लावली.

बाईंना कुणी काही विचारलं नाही. वर्ष संपल्यावर, प्रशासकीय सोयीसाठी, त्यांची बदली संस्थेच्या सुरगाणा तालुक्यातल्या शाखेत झाली. सुनंदाच्या पायांना नवी कातडी आली, पण ती एका रंगाची कधी झाली नाही. ओहोळावर पुढे स्लॅब टाकून रस्ता केला. प्रयोगशाळा चांगली झाली. तिच्या काचेच्या कपाटात औषधी पाण्यानं भरलेल्या बरण्या आल्या, आणि त्यांत बेडूक, खेकडा, मासा, पाणसाप. नव्या विज्ञानाच्या सरांना हजेरी घेण्याची गरज पडत नसे. सगळे हजर होते.

त्यानंतर बाईंना मी एकदाच पाहिलं. ऐंशीच्या दशकातला एक मार्च. परीक्षेच्या पर्यवेक्षणासाठी मला त्या बाजूला पाठवलं होतं. जीपमध्ये माणसं आत, मागे आणि टपावर. डोंगरातून वर जाताना एका झऱ्याच्या कडेनं लाल कापड बांधलेल्या काठ्या रोवलेल्या दिसल्या. दुर्बिणीतून बघणारी दोन माणसं आणि झाडाखाली उभी एक सरकारी जीप. ड्रायव्हरला विचारलं. "मोजणी," तो म्हणाला. कशाची, ते त्याला माहीत नव्हतं.

शनिवार होता. बाई वाडीच्या वर, झऱ्यालगतच्या खडकावर उभ्या होत्या. केस पांढरे झाले होते, बूट तेच असावेत. "या, बगळा," त्या म्हणाल्या, जणू मी कालच भेटून गेलो होतो. हजेरी चालू होती.

"खंड्या?"

कुणी बोललं नाही. मग एक लहान मुलगी म्हणाली, "खंड्या आहा, बाई. पोऱ्या गेला निफाडला, द्राक्षांना."

"रानकोंबडी?"

"आहा, बाई. पोरगी गेली उसाला."

निम्म्या नावांना अशीच उत्तरं आली. ज्यांची नावं होती ती मुलं आईबापांबरोबर कामाला खाली उतरली होती, आणि उरलेली मुलं त्यांचे पक्षी आणि खेकडे सांभाळत होती. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तिकडं पोरं होती, बाकीचं गेलं," त्या म्हणाल्या. "इकडं बाकीचं आहे, पोरं जातात. पूर्ण हजेरी मला कधी मिळाली नाही, सर."

वाटेतल्या काठ्यांबद्दल मी सांगितलं.

"पाहिल्या. माणसं चांगली आहेत. पोरांना गोळ्या वाटल्या त्यांनी."

"कशासाठी आहे हे सगळं?"

"विकास, म्हणाले. पत्ता विचारला मी. सांगत नाहीत."

मग त्यांनी पुकारलं, "पाणी?" निळा मग झऱ्यात बुडवला. पांढऱ्या तळाकडे बराच वेळ पाहिलं. मुलं त्यांच्याकडे बघत होती, आणि मीही. त्यांनी तो मग तोंडाला लावला आणि पिऊन सगळा रिकामा केला.

"आज हजर," त्या म्हणाल्या.

खाली जीपचा हॉर्न वाजला. मी निघालो. वळणावरून मागे पाहिलं तेव्हा खडकावर मुलं अजून उभी होती. त्यांच्यामागे बाई, हातात मग. आणि बाईंच्याही मागे, झऱ्याच्या वरच्या अंगाला, लाल कापडाची एक काठी होती. मी आलो तेव्हा ती तिथं नव्हती.